प्रशांत महासागरातल्या एवढ्याशा बेटांसाठी इतकी माणसं का मेली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुसऱ्या महायुद्धात अमेरिका आणि जपान नकाशावर धड दिसतही नाहीत अशा बेटांसाठी का झुंजले, अमेरिकेने थेट जपानवरच चाल का केली नाही, आणि या सगळ्याशी भारताचा काही संबंध होता का?

त्या बेटांवरची जमीन खरं तर कुणालाच नको होती. तिथे कारखाने नाहीत, म्हणण्यासारखी शेती नाही, कित्येक ठिकाणी गोडं पाणीसुद्धा नाही. दोघांनाही हवी होती धावपट्टीपुरती सपाट जागा आणि जहाजं नांगरता येतील असं शांत पाणी. ज्याच्याकडे धावपट्टी, त्याची विमानं भोवतालच्या शेकडो किलोमीटर समुद्रावर पहारा देणार. ज्याचा पहारा, त्याचीच मालवाहू जहाजं तिथून जाणार. आणि ज्याची जहाजं पोचणार, त्याच्याच सैनिकांच्या पोटात अन्न आणि बंदुकीत गोळी असणार.

मी व्यापारी जहाजांवर इंजिनिअर म्हणून नोकरी केली. त्यामुळे लढाईचं वर्णन वाचतानाही माझं लक्ष तोफांपेक्षा तेलाकडे जातं. या युद्धाचं तर मूळच तेलात आहे. 1941 साली जपानचं सुमारे 80 टक्के तेल अमेरिकेतून येत होतं. त्या वर्षीच्या जुलैत जपानने दक्षिण इंडोचायनात (आजच्या व्हिएतनामच्या बाजूला) सैन्य घुसवलं, तेव्हा अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली आणि तेलही बंद झालं. चीनमधलं युद्ध तर चालूच होतं. आता एक तर चीनमधून माघार घ्यायची, नाहीतर पालेम्बांग, बालिकपापान, ताराकान इथल्या, म्हणजे आजच्या इंडोनेशियातल्या, डचांच्या तेलविहिरी बळकवायच्या. जपानच्या लष्कराला माघार मान्य होणं शक्यच नव्हतं. विहिरींच्या वाटेवर ब्रिटिशांचं सिंगापूर आणि अमेरिकेच्या ताब्यातलं फिलिपिन्स होतं. अमेरिकेचं आरमार मध्ये पडू नये म्हणून 7 डिसेंबर 1941 ला हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बर या अमेरिकन नाविक तळावर हल्ला झाला.

सहा विमानवाहू नौकांवरून साडेतीनशेच्या आसपास विमानं आली आणि 2,403 अमेरिकन मारले गेले. पण अमेरिकेच्या विमानवाहू नौका त्या दिवशी बंदरात नव्हत्या. शिवाय तेलाच्या टाक्या, दुरुस्तीच्या सुक्या गोद्या आणि पाणबुड्यांचा तळ हे सगळं शाबूत राहिलं. टाक्या उघड्यावर होत्या, नजरेसमोर होत्या. त्या पेटल्या असत्या तर अमेरिकेच्या आरमाराला कित्येक महिने सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला, म्हणजे जवळजवळ 3,900 किलोमीटर मागे राहून लढावं लागलं असतं. बुडालेल्या युद्धनौकांपेक्षा मला ही गोष्ट कितीतरी मोठी वाटते.

थेट चाल का केली नाही, याचं उत्तरही अंतरातच आहे. पर्ल हार्बर ते टोकियो म्हणजे सहा हजार किलोमीटरहून जास्त. तळापासून दूर गेलेलं आरमार दर दिवशी थोडं थोडं दुबळं होत जातं. तेल संपतं, बॉयलर दुरुस्तीला येतात, जखमी जहाजाला न्यायला गोदी नसते. समोर शत्रूची किनाऱ्यावरची विमानं ताजीतवानी बसलेली असतात. नुसत्या आरमाराच्या जोरावर अशा ठिकाणी शिरलं तर काय होतं, हे ब्रिटिशांनी 10 डिसेंबर 1941 लाच पाहिलं. मलायाजवळ ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या दोन मोठ्या युद्धनौका जपानी विमानांनी भर समुद्रात बुडवल्या. तेव्हापासून समुद्रावर राज्य करायचं तर आधी आकाश हवं, आणि आकाशासाठी एक तर विमानवाहू नौका हवी किंवा बेट हवं, हे सगळ्यांना कळलं.

जून 1942 मधली मिडवेची लढाई बहुतेकांना ठाऊक असते. जपानच्या चार विमानवाहू नौका गेल्या, अमेरिकेची ‘यॉर्कटाऊन’ गेली, जपानची आगेकूच थांबली. मात्र युद्धाचा काटा माझ्या मते पूर्ण फिरला तो त्यानंतरच्या सहा महिन्यांत, ग्वादलकनालला. ही लढाई नीट पाहिली की बाकीची सगळी समजतात.

सॉलोमन बेटांपैकी या जंगली, मलेरियाने भरलेल्या बेटावर जपानी एक धावपट्टी बांधत होते. ती पुरी झाली असती तर अमेरिका-ऑस्ट्रेलिया जलमार्ग धोक्यात आला असता. 7 ऑगस्ट 1942 ला अमेरिकन मरीन, म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणारे सैनिक, उतरले आणि अर्धवट धावपट्टी त्यांच्या हाती लागली. दोनच रात्रींनी सावो बेटाजवळ जपानी क्रूझर्सनी (मध्यम आकाराच्या युद्धनौकांनी) अंधारात येऊन मित्रराष्ट्रांच्या चार क्रूझर्स बुडवल्या. मालवाहू जहाजं सामान पुरतं न उतरवताच निघून गेली. मागे राहिलेले मरीन दिवसातून दोन वेळा जेवत होते, तेही बरंचसं जपान्यांनी टाकून दिलेल्या तांदळावर. धावपट्टीसुद्धा त्यांनी जपान्यांचीच यंत्रं वापरून पुरी केली. 20 ऑगस्टला तिथे पहिली लढाऊ विमानं उतरली. मिडवेला मारल्या गेलेल्या एका वैमानिकाच्या नावावरून धावपट्टीला हेंडरसन फील्ड म्हणू लागले.

त्या दिवसापासून तिथे विचित्र पाळी लागली. उजेड असेपर्यंत समुद्र अमेरिकेचा, अंधार पडला की जपानचा. मालवाहू जहाज दहा-बारा नॉटने, म्हणजे ताशी वीसेक किलोमीटरने चालतं. एका रात्रीत येऊन, माल उतरवून, उजाडायच्या आत विमानांच्या टप्प्याबाहेर जाणं त्याला जमणारच नाही. म्हणून जपानला विनाशिका, म्हणजे लहान वेगवान युद्धनौका वापराव्या लागल्या. त्या तीस नॉटने धावतात, पण त्यांच्यावर जड तोफा आणि हजारो माणसांचा शिधा मावत नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर जपानने अकरा मालवाहू जहाजांचा ताफा पाठवून पाहिला. सात वाटेतच गेली. उरलेली चार किनाऱ्यावर मुद्दाम चढवली, तीही तिथेच जळाली.

मग त्यांनी पिंपांचा मार्ग काढला. तेलाची रिकामी पिंपं धुवायची, ती तरंगावीत इतपतच तांदूळ भरायचा, दोराने एकमेकांना बांधून विनाशिकेच्या डेकवर रचायची, आणि रात्री किनाऱ्याजवळ येऊन पाण्यात ढकलायची. किनाऱ्यावरच्या माणसांनी पोहत येऊन दोराचं टोक पकडायचं आणि माळ ओढून घ्यायची. 3 डिसेंबरच्या रात्री 1,500 पिंपं टाकली आणि हाती लागली जेमतेम 310. ओढणाऱ्यांच्या अंगात ताकद नव्हती, दोर तुटत होते, आणि उजाडल्यावर तरंगती पिंपं अमेरिकन विमानं मशीनगनने फोडत होती. जंगलातल्या एका जपानी अधिकाऱ्याने तेव्हा हिशेब लिहून ठेवला होता: ज्याला उभं राहता येतं तो तीस दिवस जगेल, ज्याला बसता येतं तो वीस दिवस, ज्याची पापणी हलत नाही तो पहाटेपर्यंत. फेब्रुवारी 1943 मध्ये जपानने साडेदहा हजारांच्या वर माणसं गुपचूप काढून नेली. वीस हजारांहून जास्त तिथेच मेली, आणि त्यांतली बरीचशी गोळीने मेली नव्हती. फुजिवारा अकिरा या जपानी इतिहासकाराने पूर्ण युद्धाचा असा हिशेब मांडला आहे. त्यांच्या मते मेलेल्या जपानी सैनिकांपैकी निम्म्याहून अधिक उपासमार आणि रोगराईने गेले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढे वाचू शकलो नव्हतो.

नोव्हेंबर 1943 मध्ये तारावाची लढाई. तिथलं बेटिओ नावाचं बेट, लांबी तीनेक किलोमीटर, मध्ये धावपट्टी. भोवती प्रवाळाची कड. त्या दिवशी भांगाची भरती होती. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, भांगाला पाणी उधाणासारखं चढत नाही. उतरवणाऱ्या होड्यांना चार फूट पाणी लागायचं, तेवढं कडेवर आलंच नाही. प्रवाळावर चढू शकणारी साखळीच्या पट्ट्यांची वाहनं होती, पण पुरेशी नव्हती. बाकीचे सैनिक शेकडो मीटर पाण्यातून बंदुका डोक्यावर धरून चालत गेले, समोरून मशीनगन चालू असताना. तीन-चार दिवसांत हजाराच्या आसपास अमेरिकन गेले. जपानचे साडेचार हजारांवर रक्षक होते, त्यांतले 17 सैनिक आणि बांधकामाला आणलेले शंभराच्या वर कोरियन मजूर जिवंत राहिले.

म्हणून प्रत्येक बेट घ्यायचं नाही, हे धोरण फार महत्त्वाचं ठरलं. न्यू ब्रिटन बेटावरचं राबाउल हा जपानचा दक्षिणेतला सर्वांत मोठा तळ. तिथे एक लाखाच्या आसपास माणसं आणि भुयारांचं जाळं. 1943 मध्ये ठरलं की ते घ्यायचंच नाही. आजूबाजूची बेटं घेतली, धावपट्ट्या बांधल्या, राबाउलची विमानं संपवली, जहाजं बंद केली आणि पुढे गेले. ते लाखभर सैनिक युद्ध संपेपर्यंत भाजीपाला पिकवत तिथेच बसून राहिले. त्रुकच्या तळाचीही तीच गत झाली.

दरम्यान अमेरिकेने स्वतःचे तळच समुद्रावर तरंगते केले. सप्टेंबर 1944 मध्ये उलिथी नावाचं प्रवाळबेट न लढता हाती आलं, आणि तिथल्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या शांत पाण्यात, टँकर, दुरुस्ती-जहाजं, तुकड्यातुकड्याने ओढून आणलेल्या तरंगत्या गोद्या असं अख्खं बंदर उभं राहिलं. तिथे काँक्रीटचा एक बार्ज (सपाट तळाचा तराफा) होता, त्याचं काम फक्त आइस्क्रीम बनवणं. ग्वादलकनालची पिंपं आणि हा बार्ज यांच्यात दोन वर्षांचंच अंतर आहे.

इंजिनिअर म्हणून मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती ‘ताइहो’ची गोष्ट. जपानची नवीकोरी चिलखती विमानवाहू नौका. 19 जून 1944 ला सकाळी फिलिपीन समुद्रात तिला पाणबुडीचा एकच टॉर्पेडो लागला. नौका चालत होती, फार काही बिघडलं नव्हतं. पण आत विमानाच्या पेट्रोलची टाकी फुटली होती आणि वाफ साचत होती. वाफ जावी म्हणून अधिकाऱ्याने सगळे वायुवीजनाचे मार्ग उघडायला सांगितले, आणि ती वाफ जहाजभर पसरली. दुपारी एक ठिणगी पडली आणि स्फोट होऊन नौका बुडाली. अनुभवी माणसं मागच्या लढायांत मेली होती, नव्यांना शिकवायला वेळ आणि तेल दोन्ही नव्हतं. त्या लढाईच्या दोन दिवसांत जपानी वैमानिकांचीही जी दाणादाण उडाली, तिचं कारण हेच.

तेल का नव्हतं? विहिरी तर जपानच्या ताब्यात होत्या. पण तेल जपानपर्यंत पोचवणारे टँकर अमेरिकन पाणबुड्या बुडवत होत्या. सुरुवातीला त्यांचे टॉर्पेडो सदोष निघाले, खोलवरून जात, आपटूनही फुटत नसत. तो घोळ 1943 च्या शरद ऋतूत निस्तरला. पुढे जपानची जितकी व्यापारी जहाजं बुडाली, त्यांतली वजनाने निम्म्याहून अधिक पाणबुड्यांनी बुडवली. पाणबुड्यांवर अमेरिकन आरमाराची दोन टक्केही माणसं नव्हती. 52 पाणबुड्या परत आल्या नाहीत, साडेतीन हजारांच्या आसपास माणसं त्यांच्याबरोबर गेली. जपानी आरमार मात्र 1905 मध्ये त्सुशिमाला रशियन आरमाराविरुद्ध झाली तशी एकच निर्णायक लढाई होईल या आशेवर राहिलं. व्यापारी जहाजांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र मुख्यालय त्यांनी उघडलं ते नोव्हेंबर 1943 मध्ये. समुद्राने वेढलेल्या, सगळं बाहेरून आणणाऱ्या देशाने इतका उशीर करावा हे मला आजही अक्षम्य वाटतं. त्या टँकरवरच्या खलाशांची नावंही कुणी घेत नाही.

1944 च्या उन्हाळ्यात सायपान, तिनियन, ग्वाम पडली. इथून टोकियो सुमारे 2,400 किलोमीटर, अमेरिकेचं बी-29 बाँबफेकी विमान जाऊन परत येऊ शकेल एवढं. सायपान गेल्यावर पंतप्रधान तोजो यांना राजीनामा द्यावा लागला. सगळीच बेटं इतकी मोलाची होती असं मी म्हणणार नाही. सप्टेंबर 1944 मधलं पेलेलिऊ टाळता आलं असतं. अमेरिकेच्या अ‍ॅडमिरल हॅल्सी यांनी तसं सुचवलंही होतं, तरी मोहीम झाली आणि बारा हजारांहून जास्त माणसं मेली. ओकिनावाला तर लाखाच्या आसपास किंवा त्याहून जास्त सामान्य नागरिक गेले. शेतकरी, बायका, शाळेतली मुलं. त्यांना कुणाची धावपट्टी नको होती.

आता भारताचा संबंध. तो होता, आणि तो आपल्याकडे फार कमी सांगितला जातो. एप्रिल 1942 मध्ये जपानी आरमार कोलंबो आणि त्रिंकोमालीवर आलं, बंगालच्या उपसागरात व्यापारी जहाजं बुडाली, विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बाँब पडले. सिंगापूरला पकडलेल्या भारतीय सैनिकांपैकी हजारोंना जहाजांत कोंबून राबाउल आणि न्यू गिनीला मजुरीला नेलं. न्यू गिनीत नेलेल्यांपैकी ऑस्ट्रेलियन सैन्याला शेवटी जिवंत सापडले ते फार थोडे.

आणि अंदमान. 23 मार्च 1942 ला जपानने पोर्ट ब्लेअर घेतलं. मित्रराष्ट्रांनी ते परत जिंकायचा प्रयत्न केला नाही. राबाउलसारखंच ते बाजूला ठेवलं आणि पुरवठ्याची जहाजं बुडवत राहिले. लष्करी दृष्टीने हे बरोबरच होतं. पण तिथे फक्त जपानी सैनिक नव्हते, हजारो भारतीय माणसं होती. धान्य संपत गेलं तसा हेरगिरीचा संशय आणि छळ वाढला. तिथले डॉक्टर आणि पंजाबी कवी दिवाण सिंग यांना तुरुंगात हालहाल करून मारलं, जानेवारी 1944 मध्ये पोर्ट ब्लेअरजवळच्या होम्फ्रेगंजला 44 जणांना गोळ्या घातल्या. ऑगस्ट 1945 मध्ये, युद्ध संपायला आलं असताना, खाणारी तोंडं कमी करायला काहीशे लोकांना होड्यांतून हॅवलॉक बेटाजवळ नेऊन पाण्यात उतरवलं. बरेचसे बुडाले, जे किनाऱ्याला लागले त्यांतले जवळजवळ सगळे उपाशी मेले. ब्रिटिश-भारतीय सैन्य पोर्ट ब्लेअरला पोचलं ते ऑक्टोबर 1945 मध्ये.