‘घरी मराठीच बोलतो’, पण कुठली मराठी?

मस्कतहून एका आईचं पत्र आलंय, चांगलं चार पानी. लेकीने नीटची परीक्षा दिली, मार्क बरे पडले, आणि आता एमसीसीच्या, म्हणजे मेडिकलचे प्रवेश देणाऱ्या केंद्रीय समितीच्या, चॉइस फिलिंगमध्ये (कॉलेजांच्या पसंतीच्या यादीत) पहिलं नाव कुणाचं टाकायचं यावरून घरात दोन तट पडलेत. वडिलांचा जीव नेरूळच्या अभिमत विद्यापीठावर: "हॉस्टेलला एसी आहे, कॅम्पस स्वच्छ आहे, पोरीचे हाल नकोत." आईला हवंय कळव्याचं, ठाणे महापालिकेचं राजीव गांधी मेडिकल कॉलेज. ऑल इंडिया कोट्यातून मिळण्यासारखं आहे, फी आवाक्यातली, शिवाय सासूबाई चरईत राहतात. मुलगी म्हणते, तुमचं भांडून झालं की सांगा.

फी, बाँड, डोमिसाइल, पुढे अमेरिका, सगळं विचारलंय. आणि तिसऱ्या पानावर, जाता जाता, एक वाक्य: "भाषेचा प्रश्न नाही ताई, आम्ही घरी मराठीच बोलतो."

अहो, माझं घोडं तिथेच अडलं.

दोह्यात अठरा वर्षं मीही हेच छाती पुढे काढून सांगायचे. मुलगा अथर्वशीर्ष म्हणायचा, मंडळाच्या नाटकात मावळा व्हायचा, आजीशी फोनवर मराठीत बोलायचा. काय बोलायचा? "बरी आहेस ना?", "जेवलीस का?", "देतो हं आईला." घरची मराठी म्हणजे ताटापासून टीव्हीच्या रिमोटपर्यंतची. ती घेऊन तो इथल्या एका कॉलेजात आला. पहिलं वर्ष हाडं आणि पुस्तकं यात निघून गेलं. दुसऱ्या वर्षी वॉर्ड सुरू झाला आणि एका आजीबाईंनी त्याला सांगितलं, "डाक्टर, चार दिस झाले, उन्हाळी लागलीय."

आमच्या चिरंजीवांनी केसपेपरवर लिहिलं की उन्हाचा त्रास होतो. वर आजींना सल्ला दिला, दुपारी बाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या. पाणी तेवढं बरोबर ठरलं! वॉर्डातल्या मावशी तोंडाला पदर लावून हसल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "दादा, लघवीला जळजळतंय तिला." त्या रात्री त्याने मला फोन केला. हसत होता, पण आवाज रडका होता.

म्हणून विचारते, तुमच्या लेकीला कळ आणि ठणका यातला फरक माहीत आहे का? कळ येते आणि जाते, ठणका मुक्कामाला असतो. कळ म्हटलं की डॉक्टरच्या मनात मुतखडा येतो, ठणका म्हटलं की कुठेतरी पू धरलाय का हे बघावं लागतं. चमक निघते ती वेगळी, मुरडा येतो तो वेगळा, ठसठसतं ते आणखी वेगळं. दम लागणं निराळं, दमा असणं निराळं आणि नुसतं दमणं निराळं. अंगात कणकण आहे म्हणणारा आणि हुडहुडी भरून ताप येतो म्हणणारा, दोघांना एकच गोळी देऊन चालत नाही. बाई मान खाली घालून "अंगावरून जातं" म्हणाली तर ते कातडीच्या ओपीडीत पाठवायचं प्रकरण नाही, हेही कळायला हवं. तुमच्या ‘घरी मराठी’त हे शब्द येतात? माझ्या घरी येत नव्हते. मस्कतमध्ये पोट दुखलं की आपण पोरांना ‘पेन कुठे होतंय’ असंच विचारतो. खोटं सांगू नका.

आणि ही झाली पुस्तकातली मराठी. कळव्याला पेशंट येतो तो मुंब्र्याचा, दिव्याचा, कधी शहापूर-मुरबाडकडचा. अर्ध्यांशी हिंदीत बोलावं लागतं. नेरूळला बेलापूर पट्टीतले आगरी-कोळी येतात. आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि पोटात म्हणायला पोटान म्हणतात. माझ्या भाचीला एका काकांनी सांगितलं, "पोटान कल येते." ही बया हिंदीत शिकलेली. तिने विचारलं, "कल आएगा? मग आज कशाला आलात?"

फायनलला लाँग केस असते. परीक्षकांसमोर जाण्याआधी पेशंटशी बोलून सगळी हकीकत तुम्हीच काढायची. तिथे दुभाषा देत नाहीत. कोर्सच्या सुरुवातीला फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेचे तास ठेवलेले असतात, नाही असं नाही. पण तेवढ्यात ‘नाव काय, गाव कोणतं’ इथपर्यंतच गाडी जाते.

आता तुम्ही म्हणाल, ताई, कॉलेज कुठलं ते सांगा. तेच सांगतेय. यादी लॉक करायच्या आधी मुलीला घेऊन आठवडाभर या. सकाळी आठला केसपेपरच्या खिडकीजवळ उभं राहा, एक दिवस कळव्याला, एक दिवस नेरूळला. ठाण्याहून नेरूळला ट्रान्स-हार्बरची थेट गाडी आहे आणि कळवा तर पुढचंच स्टेशन. साहेबांना कॅम्पसची हिरवळ बघू दे, तुम्ही दोघी रांगेत काय बोललं जातंय ते ऐका. कुठे जास्त लोक बोलताहेत आणि कुठे लेकीला निदान निम्मं कळतंय, ते बघा. मला विचाराल तर कळवा वर टाका. गर्दी आहे, भिंतींना रंग हवाय, पण शिकाऊ डॉक्टरला गर्दी हीच शाळा. आणि मुख्य म्हणजे संध्याकाळी घरी आजी आहेत. त्यांचे गुडघे, त्यांची पित्तं, शेजारच्या काकूंचं बीपी, हे सगळं लेकीने वहीत लिहून घ्यावं, त्यांच्याच शब्दांत. माझ्या मुलाची तशी वही अजून आहे. पहिल्या पानावर ‘उन्हाळी’, खाली दोन रेघा.

साहेबांना माझा राग येईल. येऊ दे. डोंबिवलीहून 8.14 च्या लोकलला लोंबकळत कॉलेज केलेला माणूस लेकीला गर्दी नको म्हणतो तेव्हा मला हसूच येतं. आमचे हे पण तसेच होते.

बाकीचं पटापट. डोमिसाइलचं विसरा. राज्याच्या 85 टक्के कोट्याला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागते, सासऱ्यांचं रेशनकार्ड तिथे चालत नाही. बाँड म्हणजे एमबीबीएसनंतर एक वर्ष राज्यात सरकारी सेवा, त्यात रडण्यासारखं काही नाही, उलट वहीची पानं भरतील. अमेरिकेचं म्हणाल तर तिकडे विचारात घेतली जाणारी जागतिक वैद्यकीय शिक्षण महासंघाची मान्यता आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला 2023 मध्ये मिळाली आहे, 10 वर्षांसाठी. त्या दाराशी कळवा आणि नेरूळ सारखेच उभे. आणि यादीचा क्रम नीट लावा. सरकारी आणि अभिमत एकाच यादीत येतात, वरचं मिळालं तर त्या फेरीत खालचं कुणी विचारत नाही. फीबद्दल तुम्हीच लिहिलंय की नेरूळसाठी डोंबिवलीचा फ्लॅट विकावा लागेल. मग मी आणखी काय सांगू?

राहिला एसी. चरईच्या घरात पंखा आहे, आणि तो आजी रात्री दोनवरच ठेवतात.