कणभौतिकीत उतरायचंय? आधी झेड कण शोध

भावा, शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करतोयस म्हणून कणभौतिकी लांब राहिली असं समजू नकोस. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेत कणांच्या टकरी नोंदवणाऱ्या सीएमएस प्रयोगाचा बराच डेटा खुला आहे, राजारामपुरीतल्या खोलीत बसूनही उतरवता येतो. पण लगेच हिग्ज या शोधायला अवघड कणाच्या मागे लागू नकोस. नवख्यांचं घोडं तिथेच पेंड खातं. आधी विरुद्ध विद्युतभाराचे दोन म्युऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद) असलेल्या घटना, म्हणजे टकरींच्या नोंदी, निवड, त्यांच्या ऊर्जा-संवेगावरून जोडीचं वस्तुमान काढ आणि हिस्टोग्राम मांड. ३.१ जीईव्हीला (हे कणांचं वस्तुमान मोजायचं एकक) जे-साय कण, ९१ च्या आसपास झेड कण, असे सुळके दिसायलाच हवेत. नाही दिसले तर निसर्ग चुकलेला नाही, तुझा कोड तपास! सुळक्याखालची पार्श्वभूमी, म्हणजे त्या कणापासून न आलेल्या जोड्या, वजा करताना खरा कस लागतो, तिथे वेळ घाल. पायथन पुरेल, सी प्लस प्लस नंतर बघू. सांख्यिकी मात्र कच्ची ठेवू नकोस. २०१२ साली हिग्जची घोषणासुद्धा पाच सिग्मा गाठल्यावरच, म्हणजे तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता नगण्य ठरल्यावरच झाली.