मंद चालतं, पण मूठ पिळली की होडी उचलत नाही

तुमच्या वर्णनावरून मला कळलं ते असं: जुनं ४० एचपीचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे टांगायचं इंजिन. जून-जुलैची मासेमारी बंदी संपल्यावर फायबरची होडी उतरवली. दोरी ओढली की इंजिन लगेच चालू होतं, बंदरात मंद चालीवर कुरकुर नाही, पण बाहेर जाऊन मूठ पूर्ण पिळली तरी होडी उचलत नाही. प्लग बदलून झाले, कार्बोरेटर साफ करून झाला, आणि आता मेकॅनिक नवा कार्बोरेटर घ्या म्हणतोय. इतक्यात घेऊ नका.

आधी आवाज ऐका. इंजिन जोरात ओरडतंय आणि होडी जात नाही, की इंजिनच चढत नाही? ओरडत असेल तर बिघाड पंख्याकडे शोधा. पंख्यातलं रबरी बुश जुनं झालं की मंद चालीवर धरून राहतं आणि जोर आला की घसरतं. बुशच्या आतल्या धातूच्या नळीवरून पंख्याच्या बाहेरच्या भागापर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारा आणि एक फेरी मारून या. रेघ तुटलेली दिसली तर बुश गेलं.

इंजिनच चढत नसेल तर पहिलं काम कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघण्याचं, आणि नेमकं तेच कोणी करत नाही. दोन्ही प्लग काढा, वायरी इंजिनच्या धातूला टेकवून ठेवा, मूठ पूर्ण उघडी, आणि गेज लावून चार-पाच वेळा दोरी ओढा. आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, तुम्ही फरक बघा. दोन सिलिंडरांत १०-१५ टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर बहुधा पिस्टनच्या रिंगा कार्बनने अडकल्यात किंवा झिजल्यात. मग कार्बोरेटरवरचा खर्च फुकट. शिवाय अशा इंजिनांत पेट्रोल पंप क्रँककेसमधल्या, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीतल्या, दाबाच्या ठोक्यांवर चालतो. ज्या सिलिंडरकडून तो ठोका मिळतो तोच कमजोर असेल तर पेट्रोलही कमी चढतं, आणि मेकॅनिक पंप बदलत बसतो.

कॉम्प्रेशन बरोबर निघालं तर माझा संशय पेट्रोलवर, आणि तेही कार्बोरेटरच्या अलीकडच्या भागावर. मंद चालीला पेट्रोल लागतं किती? तेवढं कशीही खराब झालेली नळी देते. पूर्ण मुठीला मात्र कमी पडतं. म्हणून जोडीला एक माणूस घ्या, मूठ पूर्ण पिळा, आणि इंजिन मरगळलं की त्याला टाकीच्या नळीवरचा, पेट्रोल हाताने पुढे ढकलायचा रबरी फुगा दाबत राहायला सांगा. तेवढ्यापुरता वेग परत आला तर कार्बोरेटर निर्दोष. अडचण टाकीपासून पंपापर्यंत कुठेतरी आहे.

मग क्रमाने बघा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? तो मिठाने बंद झाला तर टाकीत पोकळी होते आणि इंजिन थोडा वेळ चालून मरगळतं. झाकण सैल केल्यावर सुधारलं तर निकाल लागला. नंतर जोडणीच्या क्लिपमधली रबरी रिंग. इथे पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते, त्यामुळे वरून सगळं कोरडं दिसतं. नळीत पारदर्शक तुकडा घालून बुडबुडे येतात का बघा. शेवटी नळी स्वतः. जुन्या नळ्या हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेल्याच नाहीत. आतला थर सुटतो आणि ओढ वाढली की पडद्यासारखा आडवा येतो. बाहेरून नळी नवीकोरी वाटते, म्हणून बरेच जण तिला हात लावत नाहीत. दहा वर्षांची असेल तर तपासत बसू नका, फुग्यासकट बदला.

बंदीआधीचं पेट्रोल टाकीत राहिलं असेल तर तळातलं थोडं काचेच्या बाटलीत काढून ठेवा. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि ते पाण्यासकट खाली बसतं. बाटलीत दोन थर दिसले तर सगळं ओता, म्हणजे समुद्रात नव्हे, पिंपात. चाचणी ताज्या पेट्रोलवर, वेगळ्या कॅनमधून. पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल हँडबुकप्रमाणे, ५० ला १ असेल तर लिटरला २० मिली, आउटबोर्डचंच टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं, मोटारसायकलचं नाही.

फुगा दाबून फरक पडला नाही तर स्पार्क. एकेका सिलिंडरला स्पार्क टेस्टर लावून बघा, आणि इंजिन गरम असतानाही बघा, कारण ठिणगीला वीज देणारी कॉइल मरायला टेकली असली तरी थंडपणी ठीक वागते. इंजिन बंद ठेवून कव्हर काढा आणि मूठ पूर्ण पिळल्यावर कार्बोरेटरची झडप खरंच पूर्ण उघडते का तेही बघून घ्या. केबल ताणून सैल पडली असेल तर झडप अर्ध्यावरच थांबते. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि इंजिन चालवून करायच्या चाचण्या होडी पाण्यात असताना. पाण्याच्या पिंपात इंजिनवर भार येत नाही, तिथे ते छानच चालेल. पाण्याशिवाय तर क्षणभरही चालू करू नका, इम्पेलरचं, म्हणजे थंड करायचं पाणी ओढणाऱ्या चाकाचं, रबर जळतं. कॉम्प्रेशनचे दोन्ही आकडे आणि फुग्याचा निकाल इथे कळवा, मग कार्बोरेटरचं बघू.