छोट्या डेटासेंटरसाठी फेल्युअर सिम्युलेशनचं (यंत्रं बंद पडली तर काय होईल याचा संगणकावर अंदाज काढायचं) कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? बंद पडल्याचा खर्च मॅनेजमेंटला कसा दाखवावा?

दहा-बारा रॅकला (सर्व्हरच्या कपाटांना) सॉफ्टवेअर लागत नाही, एक्सेल पुरतं. आधी डीजीची, म्हणजे डिझेल जनरेटरची, टाकी बघून या.

मी गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या सर्व्हर रूमचं इलेक्ट्रिकल सांभाळायचो. आमच्या आयटीच्या साहेबांनी असंच सिम्युलेशन करून घेतलं होतं. प्रत्येक यंत्राचा एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी काळ), एमटीटीआर (दुरुस्तीला लागणारा सरासरी वेळ) भरला आणि उत्तर आलं, ९९.९८२ टक्के वेळ सगळं चालू, म्हणजे वर्षाला जेमतेम दीड तास बंद. डीजी दोन, लागतो एक. मी म्हणत होतो, साहेब, एखाद्या रविवारी मेन पाडू (बाहेरची वीज तोडू) आणि डीजी दोन तास लोडवर, म्हणजे सर्व्हरचा खराखुरा भार देऊन, चालवून बघू. ते म्हणायचे, रिपोर्ट समोर असताना जोखीम कशाला? दर महिन्याला डीजी दहा मिनिटं बिनलोडचा फिरवायचा, रजिस्टरवर सही करायची, संपलं.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं. झाडं कोसळली, लाइट गेली ती गेलीच. पहिल्या डीजीने तासभर लोड ओढला, मग धापा टाकत बंद पडला. दुसरा उठला, त्याचंही तेच. फिल्टर उघडला तर काळा, बुळबुळीत गाळ, आणि फिल्टरच्या वाटीच्या तळाशी पाण्याचा वेगळा थर. आपल्याकडच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी महिनोन्महिने पडून राहिली की आत पाणी सुटतं आणि पाणी-डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू माजतात. दहा मिनिटांच्या टेस्टमध्ये फिल्टर चोंदेल इतका गाळ कधी आलाच नाही. डीजी दोन होते, टाकी एकच.

यूपीएस कागदावर पंधरा मिनिटांचा, पण सिरीजमधली एक बॅटरी आतून गेलेली होती, त्यामुळे सगळी बँक काही मिनिटांत बसली. सर्व्हर नीट बंद करता आले नाहीत, डेटाबेस बिघडला. बॅकअपमधून सगळं उभं करेपर्यंत सोमवार गेला. बिलं निघेनात, म्हणून भरलेले ट्रक गेटवर उभे.

साहेब नंतर म्हणायचे, असं वादळ काय रोज येतं? गाळ वादळाने आणला नव्हता, तो टाकीत आधीपासून होता. आणि सिम्युलेशनने दोन्ही डीजी एकमेकांपासून स्वतंत्र धरले होते: एक चालू न होण्याची शक्यता शंभरात दोन, तर दोन्ही मिळून दहा हजारांत चार. टाकी, पंप, चेंजओव्हर पॅनेल (लोड मेनवरून डीजीवर नेणारं) सामाईक असलं की हा गुणाकार चालत नाही. २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या एका इमारतीत तळघरातले डिझेलचे पंप बुडाले. वरचा जनरेटर धडधाकट होता, म्हणून लोकांनी सतरा मजले जिन्याने बादल्या वाहून त्याला डिझेल पाजलं. स्ट्रासबर्गला २०२१ मध्ये डेटासेंटर जळालं तेव्हा काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच इमारतीत होते. तुमच्या एक्सेलमध्ये पहिला कॉलम सामाईक वस्तूंचाच ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर मिनिटाला इतके डॉलर वगैरे आकडे मॅनेजमेंटला दाखवू नका, कोणी विश्वास ठेवत नाही. २०१७ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या डेटासेंटरची वीज तुटली आणि बेशिस्तपणे परत आल्याने यंत्रणेचं नुकसान झालं. ७५ हजार प्रवासी अडकले, सुमारे ८ कोटी पौंडांचा फटका बसला. पण हेही त्यांना परकंच वाटेल. आपल्या गेटवर किती गाड्या थांबतील, किती कामगारांना बसून पगार द्यावा लागेल, उशिराचा दंड किती, हे डिस्पॅचवाल्याकडून लिहून घ्या. त्याच्या शेजारी टाकी साफ करण्याचा आणि जादा फिल्टरचा खर्च मांडा. आमच्याकडे त्या दिवशी स्टोअरमध्ये एकही फिल्टर शिल्लक नव्हता आणि कर्फ्यूमुळे दुकानं बंद होती.

एक मात्र सांगायला हवं. थंड हवा रॅकपर्यंत कशी पोचते हे बघायला सीएफडी (हवेच्या प्रवाहाचं संगणकी गणित) सिम्युलेशन खरंच उपयोगी पडतं, त्याला माझा विरोध नाही. आणि बॅकअप रिस्टोअर करून पाहिल्याशिवाय, यूपीएसचा बायपास (यूपीएस टाळून थेट वीज देणारा मार्ग) तपासल्याशिवाय मेन पाडू नका. हॉस्पिटलचं काम असेल तर एका वेळी एकच फीडर (एका भागाला वीज नेणारी लाइन) पाडा, तोही डॉक्टरांना आधी कळवून.