बॅक टू द फ्यूचर मधला सगळ्यात मोठा प्लॉट होल कोणता?

या हॉलिवूडपटात मार्टी नावाचा शाळकरी पोरगा त्याचा शास्त्रज्ञ मित्र डॉकने गाडीतच बनवलेल्या टाइम मशीनने 1985 मधून 1955 मध्ये जातो आणि तिथे तरुणपणीच्या आपल्याच आईवडिलांना भेटतो. तुम्ही विचारलंय की मार्टीला त्याचे आईवडील पुढे ओळखत कसे नाहीत, 1955 सालात मार्टी वाजवतो ती गिटार कशी काय आली, आणि एवढं असूनही लोक या पिक्चरच्या पटकथेला डोक्यावर का घेतात. मला विचाराल तर या दोन्हीपैकी एकही प्लॉट होल, म्हणजे गोष्टीच्या तर्कातलं भोक, नाहीये. खरी गडबड दुसऱ्या भागात आहे.

गिटारची चूक तर उघडच आहे. डान्सच्या सीनमध्ये मार्टी जी वाजवतो ती गिब्सन ईएस-345, आणि ती बाजारात आली 1958 साली. म्हणजे तीन वर्षं आधीच स्टेजवर हजर. पण गोष्टीचं त्याने काही अडत नाही, तिथे दुसरी कुठलीही गिटार असती तरी मार्टीने तेच केलं असतं. गंमत म्हणजे तो वाजवतो ते चक बेरीचं गाणंही 1958 चंच आहे, फक्त ते लेखकांनी मुद्दाम घातलंय, अख्खा विनोदच त्याच्यावर उभा आहे.

असंच मार्टीची मैत्रीण जेनिफरचं. पहिल्या भागात क्लॉडिया वेल्स, दुसऱ्यात एलिझाबेथ शू, त्यामुळे पहिल्याचा शेवटचा सीन दुसऱ्याच्या सुरुवातीला पुन्हा शूट केलाय. दोन्ही सीन एकामागोमाग लावून बघा. भविष्यात आमचं काही वाईट होतं का असं मार्टी विचारतो तेव्हा पहिल्या पिक्चरमध्ये डॉक पटकन नाही म्हणतो, दुसऱ्यात तो उत्तर द्यायच्या आधी क्षणभर अडखळतो. कंटिन्युइटी म्हणून बघितलं तर चूक, पण मार्टीचं पुढे काय होणार हे आता डॉकला (आणि लेखकांना) माहिती आहे, म्हणून मला त्याचं अडखळणं जास्त खरं वाटतं.

आईवडिलांचं म्हणाल तर मार्टी त्यांच्या आयुष्यात जेमतेम आठवडाभर होता, तोसुद्धा ते शाळेत असताना, आणि तोंडदेखली ओळख झालेला पोरगा 30 वर्षांनी कोणाला लख्ख आठवतो? सहलेखक बॉब गेल यांनी 2020 मध्ये साधारण हेच उत्तर दिलं होतं आणि मला ते पटतं. फार तर आपला मुलगा त्या पोरासारखा दिसतो असं कधीतरी वाटलं असेल, पण तोच आपला मुलगा आहे असं कोणाच्या डोक्यात येईल!

आता दुसरा भाग. मार्टी आणि डॉक 2015 मध्ये गेलेले असताना मार्टीच्या वडिलांना शाळेपासून छळणारा, आता म्हातारा झालेला बिफ त्यांची टाइम मशीन पळवतो, 1955 मध्ये जाऊन तरुण बिफला खेळांच्या निकालांचं पुस्तक देतो आणि परत 2015 मध्ये येऊन गाडी जागेवर लावतो. प्रश्न असा आहे की तो परत आला ते कुठलं 2015? पुस्तक तर देऊन झालंय, इतिहास बदललाय, मग तो बदललेल्या 2015 मध्ये उतरायला हवा होता, जिथे मूळचे मार्टी आणि डॉक असायचं काही कारणच नाही. पण तो नेमका त्यांच्याच 2015 मध्ये येतो. आणि हा नियम मी लावत नाहीये हो, पिक्चरनेच लावलाय. त्या पुस्तकामुळे बिघडलेल्या 1985 मध्ये डॉक फळ्यावर रेघ काढून समजावतो की इथून पुढे गेलो तर याच बिघडलेल्या काळाच्या 2015 मध्ये पोचू, म्हणून बिफला पुस्तक देण्यापासून 2015 मध्ये अडवता येणार नाही, 1955 लाच जावं लागेल. जे डॉकला लागू ते बिफला का नाही?

पहिल्या भागातसुद्धा हेच आहे. मार्टी 1955 मध्ये शेतावरचं एक पाइनचं झाड गाडीखाली चिरडतो आणि परत येतो तेव्हा मॉलच्या पाटीवर दोन पाइनऐवजी एकच पाइन उरलेलं असतं. (पाटी बदलली ही चूक आहे असं बरेच जण समजतात, ती मुद्दाम बदललीये.) म्हणजे भूतकाळ बदलून पुढे उडी मारली की बदललेलं जग मिळतं.

बचावाची एकच दमदार बाजू आहे, बदल पोचायला वेळ लागतो. पहिल्या भागात मार्टीकडच्या फोटोतली त्याची भावंडं हळूहळू पुसली जातात ना, तसं. बिफ पुस्तक देऊन लगेच निघाला, म्हणून बदलाच्या आधी घरी पोचला. मी यावर बराच विचार केलाय पण मला हे पुरेसं वाटत नाही, कारण पहिल्या भागात 1955 च्या डान्समधलं आईवडिलांचं चुंबन आणि मार्टीचं 1985 ला परतणं यातही फार वेळ गेलेला नाही, तरी त्याचं घर पूर्ण बदललेलं असतं.

आणि लेखकांना हे दिसलंच नव्हतं असंही नाही. परत आलेला बिफ छाती धरून कळवळत गाडीतून उतरतो, त्याच्या काठीची मूठ तुटून आत राहते आणि पुढे तीच डॉकला पुरावा म्हणून सापडते. तो का कळवळतोय हे पिक्चरमध्ये कुठेच सांगत नाहीत. चित्रित करून कापलेल्या सीनमध्ये तो तिथेच विरून नाहीसा होतो, कारण नव्या इतिहासात तो 2015 पर्यंत जगतच नाही. तो सीन ठेवायला हवा होता असं मला मनापासून वाटतं. भोक त्याने बुजलं नसतं, पण बदल बिफच्या मागोमाग येतोय हे तरी डोळ्यांना दिसलं असतं.