पावसाची सुट्टी नक्की कोण ठरवतं?

प्रश्न : माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला आहे. मागच्या पावसाळ्यात एकदा सकाळपासून धो धो पाऊस, ओढ्याला पाणी, तरी शाळा चालू, आणि साडेअकराला अचानक फोन की मुलांना घेऊन जा. मी हेडसरांना विचारलं तर म्हणे वरून आदेश नव्हता. मग त्यांच्या हातात असतं तरी काय? – एक आई, रायगड

उत्तर : ताई, राग बरोबर आहे तुमचा, पण "आदेश नव्हता" ही नुसती टोलवाटोलवी नाहीये. तालुक्याला, जिल्ह्याला पावसाची सुट्टी जिल्हाधिकारी जाहीर करतात, 2005च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली, आणि ते पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत शाळेत येईपर्यंत बऱ्याचदा प्रार्थना होऊन गेलेली असते. मुख्याध्यापकांच्या अधिकारातली सुट्टी वर्षाला एखाद-दुसरी, ती पण गावच्या जत्रेत जाते. वर आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानुसार पाचवीपर्यंत 200 आणि सहावी ते आठवीला 220 दिवस भरायचेच.

आता साडेअकराचं. मी स्वतः हेडमास्तरच्या खुर्चीत बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगतो, दोन शिक्षक पलीकडच्या गावात अडकलेत, त्यांचे वर्ग कुणाकडे बसवायचे, खिचडीचा तांदूळ चढलाय मग पोरं उपाशी कशी पाठवायची, आणि ज्यांचे आईबाप लावणीला शेतात गेलेत ती कुणाच्या ताब्यात द्यायची, हे सगळं एकदमच डोक्यात. पोर एकटं सोडलं आणि ओढ्यात काही झालं तर उत्तर हेडमास्तरलाच द्यायचंय, त्यामुळे घरचं माणूस येईपर्यंत थांबवणं बरोबरच. चुकलं ते हे की ओढ्यापलीकडची मुलं कोण, फोन कुणाला लावायचा, ही यादी जूनमध्येच तयार हवी होती.

ती तुम्ही करून घेऊ शकता. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, एकूण सदस्यांत निम्म्या बायका, पण बऱ्याच गावांत मीटिंग म्हणजे रजिस्टर घरोघर फिरवून सह्या (हे सगळ्यांना माहितीये, बोलत कुणी नाही). तुम्ही विषय लेखी द्या आणि ठरावच करून घ्या, की ओढ्यावरच्या मोरीच्या अमुक खुणेला पाणी लागलं तर पलीकडच्या मुलांनी यायचं नाही, आलेली असतील तर मोठं माणूस आल्याशिवाय सोडायचं नाही. हेडसरांनाही ते सोयीचंच, केंद्रप्रमुखांनी (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) विचारलं तर दाखवायला कागद असतो. आणि त्या दिवशीची हजेरी कशी मांडायची तेही त्यातच लिहून घ्या, नाहीतर नंतर त्याच्यावरून वाद होतात.