पाश्चात्त्य संगीतातलं काहीच कळत नसेल, तर स्ट्रिंग क्वार्टेट ऐकायला जावं का?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या गावी चार तरुण वादकांचं स्ट्रिंग क्वार्टेट येतंय, घरात भजनाखेरीज संगीत नाही आणि यातलं ओ की ठो कळत नाही. तरी जा, आणि जागा मिळेल तितकं पुढे बसा.

आमच्याकडे, वर्धा जिल्ह्यात, शाळेच्या हॉलमध्ये असा कार्यक्रम झाला होता. विशी-पंचविशीतली चौघं. दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठा, खालच्या सुरांचा), एक चेलो (त्याहून मोठा, बसून गुडघ्यांत धरून वाजवायचा). माईक नाही. नोटेशनचे कागद उडायला लागले तेव्हा पंखे बंद केले आणि कागदांना कपड्यांचे चिमटे लावले. चेलोची खालची सळई फरशीवर सरकत होती, तर शिपायाने पायपुसणं आणून दिलं. पुढे बसल्याने एक गोष्ट नीट दिसली. सुरुवातीला पहिली व्हायोलिनवाली नाकाने श्वास ओढते, वाद्य जरासं उचलते आणि चौघांचे गज एकदम तारेवर पडतात. समोर उभं राहून हात हलवणारा कोणी नाही, ठेका धरायला तबला नाही. सगळा कारभार नजरेवर आणि श्वासावर.

कान आपोआप पहिल्या व्हायोलिनकडे जातात, कारण ते सगळ्यांत वरच्या पट्टीत वाजतं. तुम्ही मुद्दाम मधलं वाद्य, म्हणजे व्हायोला, धरा. माझ्या शेजारी भजनी मंडळात पेटी वाजवणारे एक काका होते. हायडन या जुन्या संगीतकाराची रचना चालू असताना हळूच म्हणाले, "त्या मधल्या पोरीचं काहून आयकू येत नाही?" अगदी नेमकं पकडलं त्यांनी. व्हायोला बराच वेळ आतला भरणा करतो. तो काढला तर सगळं पोकळ वाटेल.

पुढे द्वोर्झाक या चेक संगीतकाराचं 'अमेरिकन' क्वार्टेट (चौघांसाठीच्या रचनेलाही क्वार्टेटच म्हणतात) सुरू झालं आणि काका ताठ बसले. तिथे पहिली चाल व्हायोलाच उचलतो. वर व्हायोलिनं नुसती थरथरतात, खाली चेलो एकच सूर धरून ठेवतो. द्वोर्झाक स्वतः व्हायोला वाजवायचा. १८९३ च्या उन्हाळ्यात तो अमेरिकेत आयोवा राज्यातल्या स्पिलव्हिल या खेड्यात राहायला गेला. वस्ती त्याच्याच मुलखातून आलेल्या चेक लोकांची. तिथे या रचनेचा कच्चा आराखडा त्याने तीन दिवसांत उतरवला. ती पहिली चाल सा रे ग प ध या पाच सुरांत फिरते, म्हणजे भूपाची ओळख असलेल्या कानाला ती परकी वाटतच नाही. पुढे मात्र भूप शोधू नका. आपल्याकडे सा हलत नाही. इथे तो वाटेत जागा बदलतो, आणि मला तरी सगळ्यांत जास्त मजा त्या वळणांवर येते. यूट्यूबवर आधी एकदा ऐकून जा, साधारण पंचवीस मिनिटांचं आहे.

टाळ्यांची धास्ती घेऊ नका. एका रचनेचे बहुधा चार भाग असतात आणि हल्ली चारही संपल्यावरच टाळ्या वाजवतात. मध्येच वाजवल्या तरी काही बिघडत नाही. १७७८ मध्ये पॅरिसहून मोझार्टने वडिलांना आनंदाने कळवलं होतं की सिंफनी (मोठ्या वाद्यवृंदासाठीची रचना) चालू असतानाच लोकांनी टाळ्या दिल्या.

कार्यक्रम संपला की वादकांशी बोला. व्हायोलावाल्याला त्याची एकट्याची ओळ वाजवून दाखवायला सांगा. आमच्या काकांनी सांगितली होती, आणि त्या मुलीने ती दोनदा वाजवली.